‘ए’च्या शोला पोरं आत जातातच कशी?

घोडबंदरकर:
‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा अठराखालच्यांना दाखवायचा नाही, हे १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातच आहे. मग आमच्या ठाण्यात रविवारी संध्याकाळच्या शोला आठवी-नववीतली पोरं आईबाबांसोबत सर्रास कशी दिसतात? ॲपवर ‘सर्व प्रेक्षक अठरा वर्षांवरील आहेत’ अशी चौकट येते, आपण न वाचताच अंगठा दाबतो, विषय संपला. दारावरचा मुलगा क्यूआर स्कॅन करतो, मान वर करून चेहरा बघत नाही. माझं मत, ओळखपत्र बघाच. अपवाद नको.

नेरुळची आई:
अपवाद का नको? माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. पुढच्या वर्षी मतदान करेल. तिने काय बघावं हे आम्ही ठरवायचं की दारावरच्याने? मागे एका मॉलमध्ये आम्हाला अडवलं. पॉपकॉर्नचा टब हातात, शो सुरू व्हायला पाच मिनिटं, आणि मॅनेजर म्हणतो, “मॅडम, रिफंड होत नाही.” तोच पिक्चर काही आठवड्यांनी ओटीटीवर आला. तिथे लॉकचा पिन माझ्या हातात. घरात मी समजूतदार पालक, आणि थिएटरात अचानक बेजबाबदार?

घोडबंदरकर:
तुमच्यावर कोण ठपका ठेवतंय? जबाबदारी कायद्याने दाखवणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून तर त्याने अडवलं.

नियमवाला, वाशी:
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. १९८३पर्यंत सामान्य प्रेक्षकांसाठी ‘यू’ (सगळ्यांसाठी) आणि ‘ए’ एवढंच होतं, मग मध्ये ‘यूए’ (मुलांना दाखवायचं की नाही, ते पालकांनी ठरवायचं) आलं. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. पण हे आकडे फक्त आईवडिलांना अंदाज यावा म्हणून. ‘१६+’ला बारा वर्षांचा मुलगा आला म्हणून थिएटर त्याला हाकलू शकत नाही. ‘ए’ला मात्र पालक सोबत असले तरी प्रवेश नाही. नेरुळच्या ताईंना हवी ती सोय अमेरिकेत आहे, तिथे ‘आर’ला सतराच्या आतली मुलं मोठ्यांसोबत जातात. ब्रिटनमध्ये ‘१८’ला आई असो की आजी, नाहीच.

कोपरीचा बाळ्या:
आमच्या वेळी डोअरकीपर ओळखीचा असायचा. “बापाला सांगू का रे?” एवढं म्हटलं की पोरं गुपचूप मागे फिरायची. आधारबिधार काही लागायचं नाही 😄

दारावर उभा राहिलेला:
कॉलेजात असताना मी हेच काम केलंय, म्हणून सांगतो. दोन शोंच्या मधल्या पंधरा मिनिटांत झाडलोट, खुर्च्यांखालचे कप, बाहेर हाऊसफुल्लची रांग. त्यात एखाद्याला कार्ड मागितलं की “मी कोण आहे माहितीये का?” सुरू. वर मॅनेजर खासगीत सांगणार, “जास्त ताणू नकोस.” कंत्राटावरचा पोरगा कोणाकोणाशी भांडणार? आणि सतरा वर्षांच्या मुलीचं सोडा हो. चार वर्षांचं लेकरू मांडीवर घेऊन लोक रात्रीच्या शोला यायचे. मारामारी सुरू झाली की आई त्याचे कान झाकायची, डोळे तसेच उघडे. शेवटी ते रडायला लागलं की बाप त्याला घेऊन जिन्यावर. तपासणी दारावर नको, पैसे घेण्याआधी व्हायला हवी.

नेरुळची आई:
चार वर्षांच्याचं समर्थन मी करणारच नाही, ते पालक कसले! पण त्यांच्यामुळे माझ्या सतरा वर्षांच्या मुलीलाही तोच न्याय का? ‘यूए १६+’ला माझ्या शब्दाला किंमत आहे, ‘ए’ला शून्य. मधली पायरीच नाही.

घोडबंदरकर:
मधली पायरी दिली की चार वर्षांवालेही त्याच पायरीवर चढणार. “आम्ही ठरवू” हे तेही म्हणतात. रिफंडचं मात्र मान्य. अडवायचं तर काउंटरवरच पैसे परत द्या.

नियमवाला, वाशी:
आणि पैसे परत द्यायला लागले की ॲपवाले ती चौकट आपोआप मोठ्या अक्षरात छापतील.