मदत हवी आहे: बोलणं स्पष्ट ऐकू येईल असा एव्ही रिसीव्हर

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज वेगळ्या स्पीकरांवर वाजवणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचाय. ते ७६ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. टीव्हीवरचं बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवतात आणि मारामारी सुरू झाली की आई स्वयंपाकघरातून धावत येऊन कमी करते. परवा कानामागे हात धरून बसले होते. "काय म्हणाली ती?" असं तीनदा विचारलं, मग विचारायचं सोडूनच दिलं. फार वाईट वाटलं.

हॉल १२ बाय १४ फुटांचा, सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर. टीव्हीला ईएआरसी (एचडीएमआय केबलने टीव्हीचा आवाज रिसीव्हरला देणारी सोय) आहे. २००८ साली घेतलेले दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, बाबांचं नाट्यसंगीत त्यांच्यावरच चालतं, त्यामुळे ते काढणार नाही. टॉर्च मारून मागची पट्टी वाचली: ६ ओहम (विद्युतरोध), ८८ डेसिबल (संवेदनशीलता). माळ्यावर जुन्या होम थिएटर संचाचे छोटे स्पीकर पडलेत. त्यातला एक सेंटर (टीव्हीजवळचा मधला स्पीकर) म्हणून मित्राच्या ॲम्प्लिफायरला जोडला, तर दहा मिनिटांत ॲम्प्लिफायर बंद पडला. स्पीकर ३ ओहमचा निघाला, एवढा कमी रोध ॲम्प्लिफायरला झेपला नाही.

दुकानदार म्हणतो ७.२ चॅनेलचा (सात स्पीकर आणि खर्जाचे दोन सबवूफर जोडता येणारा) डेनॉन एक्स१८००एच घ्या, त्यात ॲटमॉस (वरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) आहे. मला छताला स्पीकर लावायचेच नाहीत. ५.२ चा एक्स५८०बीटी पुरणार नाही का? एक ८० वॉटचा, दुसरा ७० चा. हा फरक कानाला कळतो का? सध्या दोन बुकशेल्फ आणि एक नवा सेंटर, एवढ्यावर भागेल का? आणि रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवला तर चालेल?

प्रतिसाद १

वॉटचा विचार सोडा. वॉट दुप्पट केले तेव्हा कुठे ३ डेसिबल वाढतात; ७० चे ८० झाले तर जेमतेम अर्धा डेसिबल. ९ फुटांवर रोजच्या ऐकण्याला मोजके वॉटच लागतात.

पैसे आधी सेंटरवर घाला. ५.१ मध्ये संवाद बहुतेक तिथूनच येतात. तीन स्पीकरवर खुशाल चालतं. सेटिंगमध्ये सराउंड (बाजूचे-मागचे स्पीकर) आणि सबवूफर 'नाही' करा, म्हणजे तो आवाज पुढच्या स्पीकरांत येतो. मग सेंटरची पातळी ३ डेसिबलने वाढवून बघा. सेंटर टीव्हीखाली ठेवणार असाल तर पुढून थोडा उचला, तोंड बाबांच्या कानाकडे हवं.

मी तरी एक्स१८००एच घेईन, पण ॲटमॉससाठी नाही. त्यात ऑडिसी कंपनीचं डायनॅमिक व्हॉल्यूम आहे. ते हळू बोलणं वर उचलतं आणि धडामधूम खाली दाबतं. तुमच्या आईंची रोजची धावपळ वाचेल.

बंद कपाट नकोच, रिसीव्हर तापतो. वर वीतभर जागा मोकळी ठेवा, त्याच्या वरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. माळ्यावरचे स्पीकर तिथेच राहू द्या.

प्रतिसाद २

एक राहिलं. मालिकांचा आवाज पुष्कळदा स्टिरिओच (डावा-उजवा असा दोनच चॅनेलचा) येतो. रिसीव्हर स्टिरिओ मोडवर असेल तर सेंटर गप्प राहतो आणि माणसाला वाटतं पैसे वाया गेले. डॉल्बी सराउंड मोड लावलात की बोलणं मधल्या स्पीकरमध्ये येतं. रिमोटवरचं ते बटण बाबांना दाखवून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच टीव्हीचं सेटिंग उघडून बघितलं, डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर (यात टीव्ही बहुधा दोनच चॅनेलचा आवाज बाहेर देतो) होता. म्हणजे रिसीव्हर आणूनही स्टिरिओच ऐकत बसलो असतो ना? आता 'ऑटो' केलाय.

रविवारी बाबांना सोबत घेऊनच दुकानात जातो, त्यांच्या कानाला पटेल तोच सेंटर घेऊ. तिथे ऐकून बघायला काय लावावं, बातम्या की एखाद्या नाटकाचं रेकॉर्डिंग? तेवढं शनिवारपर्यंत कोणी सांगाल का?