धूर बाधलाय का कधी? अनुभव लिहा

पिंपळपान:
काल लाईट गेले आणि खाली जनरेटर धडधडायला लागला. खिडकीतून डिझेलचा तो वास आत आला आणि मी थेट माझ्या पहिल्या नोकरीत पोचलो. रात्रपाळी, तळघरातली केबिन, भिंतीपलीकडे जनरेटर. पहाटेपर्यंत डोकं ठणकायला लागायचं, डोळे चुरचुरायचे, नाक शिंकरलं की रुमाल काळा. सगळे म्हणायचे जागरण आहे, होतं असं. पण सुट्टीत घरी कितीही जागलो तरी डोकं दुखायचं नाही! २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला तंबाखू, ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत बसवलं. ती बातमी वाचली तेव्हा नोकरी सोडून जमाना झाला होता, तरी पोटात गोळा आला.
तुमचं काय? कामावर, घरात, रस्त्यावर, कुठेही. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, माहीत आहे.)

निशाचर:
काळा रुमाल +१

सुमेधा_क:
आमच्या आत्याबाई. विडीला कधी हात लावला नाही, पण जन्म चुलीपुढे गेला. घरात गॅस आला तरी पाणी तापवायला चूलच, कारण "गॅस संपतो". वर्षानुवर्षं दम्याची औषधं चालू होती, पण जिना चढताना मध्ये बसायला लागायचं. शेवटी एका डॉक्टरांनी नळीत फुंकायची चाचणी केली, मग पंप मारून परत फुंकायला लावलं. आकडा जवळपास तिथेच. म्हणाले हा दमा नव्हे, सीओपीडी. दम्यात आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात, इथे त्या कायमच्या अरुंद झाल्यात. आणि विचारतात काय, तर सिगारेट किती वर्षं ओढली? आत्याबाई जाम भडकल्या. "ओढली असती तर निदान मजा तरी केली असती!"

टिवल्याबावल्या:
आत्याबाईंना साष्टांग _/\_

मृण्मयी:
सुमेधाताई, माझ्या आजीचं हेच. फक्त चाचणी कुणी केलीच नाही. वयाचा खोकला म्हणून सोडून दिलं.

खडूस:
धूर दिसतो तरी. आमच्याकडे जे झालं ते दिसलंही नाही आणि वासही आला नाही. धाकटा भाऊ आंघोळीला गेला. बाथरूममध्येच गॅस गीझर, खिडकी घट्ट बंद. बराच वेळ झाला, हाका मारल्या, उत्तर नाही. दार तोडलं तर खाली पडलेला. बाहेर ओढल्यावर हळूहळू डोळे उघडले, मग उलटी. शेजारच्या काकांनी ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला तर ९८! म्हणाले ठीक आहे, झोपू दे. आई ऐकली नाही म्हणून दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी आधी गीझर कुठे आहे ते विचारलं, मग मास्क लावला. आज धडधाकट आहे, कर्जसुद्धा माझ्याकडूनच घेतो.

डॉक_ऑन_ड्यूटी:
खडूस, आईंना नमस्कार सांगा. ओपीडीत आहे, नंतर लिहितो.

टिवल्याबावल्या:
ओपीडीत बसून धागे वाचणारे डॉक्टर हवेत आम्हाला :))

पहाटपळ्या:
मी हायवेला समांतर पळायचो, थंडीत पहाटे. ताजी हवा वगैरे. घसा खवखवणं, छातीत घरघर, तरी पळतोय. मग कळलं की थंडीच्या पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर, झाकण लावल्यासारखं. रात्रभराचा धूर खालीच साचून राहतो. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, जोरात पळताना दसपट, आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी बाद. आता ऊन वर आल्यावर आतल्या रस्त्याने पळतो. घरघर गेली. वेळ मात्र सुधारली नाही, त्याला हवा जबाबदार नसावी.

मृण्मयी:
एन९५ लावून पळा की.

पहाटपळ्या:
लावून बघा एकदा :(

डॉक_ऑन_ड्यूटी:
आलो. गॅस गीझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला ते रक्तही ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून ९८. काकांची चूक नाही, यंत्रच फसतं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून "झोपू दे" घातक. आणि मृण्मयी, एन९५ कण अडवतो, वायू नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, झालं.

खडूस:
तेव्हाच बसवला. काकांना हे वाचून दाखवतो.

शांतारस:
बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा आठवडाभर धुरकट हवा होती. संबंध आहे का, कोण सांगणार? हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र छातीइतकंच हृदयाबद्दल बजावलं. पीएम २.५ म्हणजे केसाच्या तिसाव्या भागाएवढा कण, त्याहून बारीक असलेले तर थेट रक्तात उतरतात. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाचं धुरकं बसलं, तेव्हा आधी सुमारे ४००० बळी धरले होते, नंतरच्या अभ्यासात आकडा १२००० पर्यंत गेला. बाबा बरे आहेत. फिरायला जाण्याआधी मोबाईलवर हवेचा आकडा बघतात आणि आम्हाला ओरडून सांगतात.

निशाचर:
२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली ना? मर्यादा खाली, हवा वर. असो.

कुंदामावशी:
घाईत लिहितेय, नातू उठेल. डासांच्या कॉईलबद्दल कुणी बोललं नाही. बंद खोलीत रात्रभर लावायचो, पोराला सकाळी ठरलेला खोकला. एका कॉईलमधून शंभरेक सिगारेटींइतके बारीक कण निघतात म्हणे. मच्छरदाणी आणली, खोकला थांबला.

डॉक_ऑन_ड्यूटी:
बरोबर आहे, मावशी. ७५ ते १३७ सिगारेटी असा आकडा आहे एका अभ्यासात.

टिवल्याबावल्या:
मच्छरदाणीत माझं मांजर चढतं आणि खाली येताना दाणीसकट येतं. उपाय?

कुंदामावशी:
खिडक्यांना जाळी.

टिवल्याबावल्या:
तिच्यावरही चढतं.

सुमेधा_क:
तारेची बसव, नायलॉनची नको. आमच्याकडे दोन बोके आहेत, टिकलीय.