'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर'ला मराठीत काय म्हणावं?

सातपूरहून

नमस्कार मंडळी. सातपूर-अंबडमधले काही छोटे कारखाने आणि दिंडोरी, पिंपळगावकडचे दोन-तीन द्राक्ष निर्यातदार यांच्या वेबसाइट आणि ईमेल मी सांभाळतो. परवा एका ठिकाणची साइट जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली. तिथल्या ऑफिसातल्या ताईंना स्वतः तपासता यावं म्हणून एक पानभर टिपण मराठीत लिहून दिलं. काळी खिडकी उघडा, 'एनएसलुकअप' (साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता विचारणारी आज्ञा) लिहा, जागा सोडून साइटचं नाव लिहा, एंटर दाबा, नवा पत्ता दिसला की काम झालं. उत्तराच्या वर 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' अशी एक ओळ येते. तिच्यापुढे मी अर्थ दिला : अनधिकृत उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "दादा, आपल्या नावावर कुणी अनधिकृत बसलंय का? शेठना आत्ताच सांगू की पोलिसात जायचं?" ताईंचा आवाज कापत होता. चूक पूर्णपणे माझी होती. अनधिकृत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अनधिकृत बांधकाम येतं, अनधिकृत नळजोडणी येते, पालिकेची नोटीस येते. इथे तसं काहीच नसतं. उत्तर बरोबर असतं. ते मूळ मालकाकडून थेट न येता मधल्या कुणीतरी आधी विचारून ठेवलेलं असतं, इतकंच.

इंग्रजी शब्दातला 'नॉन' मी सरळ 'अन' करून टाकला आणि सगळा अर्थ बिघडला. 'ऑथॉरिटेटिव्ह'ला 'अधिकृत' चालून जातं, पण त्याचं नकारार्थी रूप मराठीत बेकायदा होऊन बसतं. तुम्ही काय सुचवाल? आणि 'डिग' या आज्ञेबद्दलही विचारायचं आहे, तीही एनएसलुकअपसारखंच काम करते. आम्ही आपापसात सरळ 'डिग मार' म्हणतो. शिकाऊ मुलांना समजावताना 'खणणे' म्हटलं की ती गोंधळतात. नावांच्या सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राला, प्रश्न विचारायचा आणि त्यात खणायचं काय?

पंचवटीहून

दादा, मी मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. संगणकातलं फार कळत नाही, पण तुमचा दुसरा प्रश्न वाचल्यावर राहवेना. आपल्याकडे 'खोदून खोदून विचारणे' आहे की! पोरगं उशिरा घरी आलं की आई खोदून खोदून विचारते. त्यात खणणंही आहे आणि प्रश्नही आहे. तुमच्या मुलांना नुसतं 'खणणे' सांगू नका, पूर्ण वाक्प्रचार सांगा.

सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाला, 'क्वेरी'ला, तुम्ही काय म्हणता ते लिहिलेलं नाही. 'पृच्छा' कागदावर शोभतो, बोलण्यात जड होतो. 'चौकशी' दोन तोंडांचा आहे. ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते तिथे तो निरुपद्रवी असतो, पण कुणाची 'चौकशी लागली' म्हटलं की पोटात गोळा येतो. तुमच्या ताईंना आधीच एकदा घाबरवलंत, तेव्हा हा शब्द टाळाच.

मला स्वतःला 'पुसणे' फार आवडतो. संस्कृतातल्या 'पृच्छति'वरून प्राकृतात 'पुच्छइ' आणि त्यावरून मराठीत पुसणे. 'विचारपूस'मधली पूस तीच. फडक्याने पुसणे मात्र वेगळं, ते 'प्रोञ्छ'वरून आलेलं. दोन निरनिराळे धातू झिजत झिजत एकाच रूपाला आले. म्हणून 'नाव पुसलं' याचे दोन अर्थ होतात, विचारलं आणि मिटवलं.

सातपूरहून

ताई, हे दोन्ही अर्थ आमच्या कामात रोज लागतात! आधी नाव पुसायचं, म्हणजे विचारायचं. जुनं उत्तर येत राहिलं की यंत्राच्या साठवणीतलं ते उत्तर पुसायचं, म्हणजे मिटवायचं, आणि पुन्हा पुसायचं. 'खोदून विचारणे' तर आजच वहीच्या पहिल्या पानावर गेलं.

'डिग' या नावाबद्दल मला ठाऊक आहे ते सांगतो. 'बाइंड' नावाची नावांच्या सर्व्हरची प्रणाली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्कली विद्यापीठात तयार झाली, तिच्या संचात ही आज्ञा येते. तिचं लांबरूप 'डोमेन इन्फर्मेशन ग्रोपर' असं सांगतात. ग्रोपर म्हणजे अंधारात चाचपडत शोधणारा. म्हणजे खणणं आणि चाचपडणं, दोन्ही चित्रं तिच्या नावात आहेत.

नाशिकरोडहून

मी नेटवर्कमध्ये आहे. शब्दांआधी एक गोष्ट स्वच्छ करू, नाहीतर शब्द पुन्हा चुकतील.

'डिग' उत्तर देतं त्याच्या डोक्यावर दोन-दोन अक्षरांच्या खुणांची एक ओळ असते. क्यूआर म्हणजे हे उत्तर आहे. आरडी म्हणजे विचारणाऱ्याने सांगितलंय, 'तुला माहीत नसलं तर माझ्यासाठी तूच फिरून विचारून ये.' आरए म्हणजे समोरचा म्हणतोय, 'मी तसं फिरून आणून देतो.' आणि एए असेल तर उत्तर देणारा स्वतः त्या नावाच्या नोंदी ठेवणारा आहे. एनएसलुकअप ज्याला नॉन-ऑथॉरिटेटिव्ह म्हणतं, त्याच वेळी डिगमध्ये काही वेगळी ओळ येत नाही, फक्त एए ही खूण नसते. मला डिग आवडतं ते यासाठीच. ते घाबरवत नाही, खुणा दाखवतं आणि वाचायचं तुमच्यावर सोपवतं.

आता हे करून बघा. एकच नाव लागोपाठ दोनदा विचारा. मी आत्ता केलं. पहिल्या वेळी नावापुढे ३६०० हा आकडा आला आणि उत्तराला ८७ मिलिसेकंद लागले. मिनिटभराने पुन्हा विचारलं तर ३५३९ आणि १ मिलिसेकंद. हा उतरता आकडा म्हणजे टीटीएल ('टाइम टू लिव्ह'), साठवलेलं उत्तर अजून किती वेळ चालेल ते, सेकंदात. तो उतरताना दिसला की समजा, उत्तर साठवणीतलं आहे. नोंदी ठेवणाऱ्या मूळ सर्व्हरला ॲटचं चिन्ह लावून थेट विचारा, दर वेळी पूर्ण ३६०० येईल आणि एए दिसेल. तो बाहेरच्यांसाठी फिरून विचारत नसेल तर डिग एक इशाराही छापतं, की फिरून विचारायची विनंती केली पण तशी सोय इथे नाही. पोरं त्यालाही एरर समजतात. तो एरर नाही.

टीटीएलला 'आयुष्य' म्हणू नका. नोंद मरत नाही. 'मुदत' म्हणा.

निफाडहून

शेतकरी माणूस आहे, मुलाच्या फोनवरून वाचतोय. तुम्ही जे सांगताय ती तर सातबाऱ्याची नक्कल झाली.

मूळ दप्तर तलाठ्याकडे. आपण नक्कल काढून आणतो, तिच्यावर तारीख असते. बँकेत पीककर्जाला गेलं की साहेब म्हणतो, ही जुनी झाली, ताजी आणा. जुनी नक्कल खोटी नसते, ज्या दिवशी काढली त्या दिवशी ती खरीच होती. मधल्या काळात फेरफार झाला असेल तर तो तिच्यात नसतो एवढंच. तिला अनधिकृत कुणीच म्हणत नाही.

सातपूरहून

काका, तुम्ही प्रश्न सोडवलात. मी दोन दिवस 'ऐकीव', 'सांगोवांगीचं', 'उसनं', 'दुय्यम' असे शब्द घोळवत होतो. ऐकीव आणि सांगोवांगी यांत अविश्वास आहे. दुय्यम म्हटलं की दर्जा कमी वाटतो. उसनं मला थोडं पटत होतं, कारण मुदत असते, पण उसनं परत द्यावं लागतं आणि इथे परत काही जात नाही.

'नकलेतलं उत्तर' यात सगळं बसतं. खरं आहे, तारखेचं आहे, मुदतीचं आहे. आणि टीटीएल म्हणजे नकलेची मुदत. ती किती ठेवायची हे मूळ दप्तरवालाच ठरवतो, हेही जुळतं.

पंचवटीहून

'नक्कल'वर एक आक्षेप येईल, तो मीच घेते. परीक्षेतली नक्कल, कुणाची टवाळी करत केलेली नक्कल. पण मराठीत क्रियापद अर्थ सांभाळतं. नक्कल 'करणे' वेगळं, नक्कल 'काढणे' वेगळं. तुम्ही 'नकलेतलं' असं रूप घेतलंत, त्यात कागदाचाच अर्थ पुढे येतो. मला मान्य आहे.

दुसऱ्या बाजूला, ऑथॉरिटेटिव्हला 'अधिकारवाणीचं उत्तर' म्हणून बघा. एखाद्या विषयात मुरलेला माणूस अधिकारवाणीने बोलतो, त्याला पुढे कुणाला विचारावं लागत नाही. आणि याचा उलट शब्द बेकायदा होत नाही.

नाशिकरोडहून

ताई, अधिकारवाणी सुंदर आहे, पण माणसाच्या ज्ञानाबद्दल आहे. सर्व्हर मुरलेला नसतो, त्याच्याकडे वही सोपवलेली असते. उद्या वही दुसऱ्याकडे दिली की याचा अधिकार संपला. मी 'मूळ दप्तरातलं' म्हणेन.

पंचवटीहून

वही सोपवलेली असते म्हणालात आणि मला रामकुंड आठवलं. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर.

बाहेरगावचं कुटुंब अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला येतं. घाटावर पहिला भेटेल त्याला विचारतं, आमचे तीर्थोपाध्ये कोण? तो म्हणतो, गाव कोणतं, आडनाव काय? ते ऐकून तो त्यांना योग्य घरी पाठवतो. त्या उपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात. ते पान काढतात आणि या माणसाच्या पणजोबांचं नाव, ते केव्हा आले होते, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवतात. लहानपणी मी एका गृहस्थांना आपल्या पणजोबांची सही बोटाने चाचपताना पाहिलंय. तो कागद जाड, कडा तांबूस झालेल्या.

घाटावरच्या पहिल्या माणसाला नाव माहीत नव्हतं. पण कुणाकडे वही आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. तुमच्याकडे असंच चालतं का?

नाशिकरोडहून

ताई, अगदी असंच चालतं. डिगला अधिकचं चिन्ह देऊन 'ट्रेस' सांगा, हाच प्रवास ओळीओळीने दिसतो. सुरुवात मुळापासून होते. मुळाच्या सर्व्हरची नावं १३ आहेत, ए ते एम अशा अक्षरांची. त्यातला एक म्हणतो, हे पूर्ण नाव मला माहीत नाही, पण 'कॉम'च्या वह्या यांच्याकडे. कॉमवाले म्हणतात, या नावाची वही त्या दोघांकडे. ते दोघे पान काढून देतात. 'डॉट भारत' हे देवनागरी नाव विचारलंत तरी मुळाशी तीच रीत. फक्त तारेवरून जाताना ते एक्सएन आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीच्या रोमन अक्षरांत गुंडाळलं जातं.

पूर्वी असं नव्हतं. सगळ्या जगाची एकच यादी होती, 'होस्ट्स' नावाची एक फाइल, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सांभाळलेली, आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वह्या वाटून देण्याची पद्धत मांडली. १९८७ मध्ये तिचे सुधारित नियम आले, ते आजही पाया आहेत.

सातपूरहून

मग 'डेलिगेशन'ला, म्हणजे नोंदी सांभाळायचं काम दुसऱ्या सर्व्हरकडे देण्याला, 'वही सोपवणे' आणि मधल्या उत्तराला 'वाट दाखवणे'. आज मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता एका शब्दाविरुद्ध मला तक्रार मांडायची आहे, कारण त्याने गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. 'प्रोपगेशन'. आमच्या धंद्यात सर्रास सांगतात, डीएनएस (नावावरून पत्ता देणारी ही सगळी व्यवस्था) पसरायला ४८ तास लागतील. पसरणं म्हटलं की वाटतं, नवी नोंद कुठूनतरी निघून जगभर चालत जाते आहे, आपण फक्त वाट बघायची. तसं काही निघत नाही. नवी नोंद मूळ दप्तरात त्याच क्षणी असते. ठिकठिकाणच्या जुन्या नकलांची मुदत संपायची असते. म्हणून साइट हलवायच्या आदल्या दिवशीच मुदत ८६४०० वरून ३०० करून ठेवली तर दिवसभराचा ताप पाच मिनिटांवर येतो. 'पसरतंय' म्हणणाऱ्याला हे सुचतच नाही, 'जुन्या नकला संपतायत' म्हणणाऱ्याला आपोआप सुचतं. चुकीच्या शब्दामुळे हातातला उपाय दिसेनासा होतो.

सिडकोहून

'नाही' या उत्तराचीही नक्कल साठते, हे जरूर लिहा. मी नोंद करायच्या आधीच उत्साहाने नाव तपासलं, 'असं नाव नाही' आलं. मग नोंद केली, तरी माझ्याकडे तासभर 'नाही'च. शेजारच्या ऑफिसात लगेच लागलं.

नाशिकरोडहून

बरोबर. आणि 'नाही'चे प्रकार वेगळे ठेवा. एनएक्सडोमेन म्हणजे या नावाचं कुणी नाहीच. नोएरर येऊन उत्तर रिकामं असेल तर नाव आहे, पण मागितलेली नोंद नाही, जसं माणूस गावातलाच पण त्याच्याकडे फोन नाही. सर्व्हफेल म्हणजे प्रयत्न केला, उत्तर मिळवता आलं नाही. रिफ्यूज्ड म्हणजे तुम्हाला सांगणार नाही. सगळ्याला 'साइट सापडत नाही' म्हटलं की दुरुस्ती कुठे करायची तेच कळत नाही.

पंचवटीहून

आणि नावावरून पत्ता मिळाला नाही की तुम्ही म्हणता त्या 'रिझॉल्व्ह होत नाही'ला काय म्हणता?

सातपूरहून

ताई, 'पत्ता लागत नाही'. इथे नावाला खरोखरच पत्ता असतो, तोच लागलेला नसतो. हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही.

सीनेम ('कॅनॉनिकल नेम'), म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद, हिच्याबद्दलही तुमच्याच घाटावरचं उदाहरण वापरतोय. आपण 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो आणि नकाशात गोदावरी असते. गंगा विचारली की उत्तर येतं, खरं नाव गोदावरी, पत्ता तिचा बघा. गंमत म्हणजे सीनेम या शब्दाचा अर्थ 'खरं नाव' असा आहे, आणि आम्ही सगळे तो टोपणनावासाठी वापरतो. टिपणात 'लाडकं नाव' आणि 'दप्तरी नाव' असं लिहिलंय.

ऑफिसातल्या त्या ताईंना आज नवं टिपण दिलं. त्या ओळीपुढे आता असं आहे : 'हे नकलेतलं उत्तर आहे. बरोबर आहे, पण मुदत संपेपर्यंत जुनं असू शकतं.' त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मग मूळ दप्तर कुणाकडे आहे, ते कसं पुसायचं?"

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि एनएसची नोंद, म्हणजे वही कुणाकडे सोपवली आहे ते सांगणारी नोंद, विचारून दाखवली.