क्गालागाडीत स्वतः गाडी चालवून सफारी: मुक्काम कुठे करावा आणि गाईडशिवाय प्राणी कसे शोधावेत?

प्रश्न: माळरान (पुणे)

नमस्कार. दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना यांच्या सीमेवर पसरलेल्या क्गालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्कमध्ये भाड्याची गाडी घेऊन स्वतःच सफारी करण्याचा आमचा विचार आहे. आम्ही दोघे आणि आमची नऊ वर्षांची मुलगी असे तिघे जाणार आहोत. ताडोबा आणि पेंचच्या सफारी आम्ही बऱ्याच केल्या आहेत. परंतु तिथे जिप्सी चालवणारा वेगळा, सोबत गाईड, आणि चितळाचा किंवा वानराचा धोक्याचा इशारा (कॉल) आला की कोणत्या रस्त्याला वळायचे हे ठरवणारेही तेच. क्गालागाडीत यांपैकी कोणीच नसेल. नकाशावर आऊब आणि नॉसॉब या दोन कोरड्या नद्या, त्यांच्या पात्रांतून जाणारे दोन लांबच लांब रस्ते आणि मधे लाल वाळूच्या टेकड्या एवढेच दिसते.

मला मुख्यतः तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मुलीच्या शाळेमुळे आम्हाला मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी यांतूनच निवड करावी लागेल, तर कोणता काळ बरा? मुक्काम एका ठिकाणी करावा, की रोज जागा बदलत संपूर्ण उद्यान पालथे घालावे? आणि गाईड नसताना सिंह, चित्ता, बिबट्या शोधायचे तरी कसे? ज्यांनी तिथे गाडी चालवली आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.

उत्तर: जोबर्गकर (जोहान्सबर्ग)

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर लक्षात आले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. प्राणी जिथे येणारच आहेत तिथे आपण आधी जाऊन थांबावे, ही क्गालागाडीत प्राणी पाहण्याची खरी रीत आहे.

संपूर्ण उद्यान सुमारे 38,000 चौरस किलोमीटरचे असून त्यातला मोठा हिस्सा बोट्सवानात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचा भाग, म्हणजे 1931 मध्ये स्थापन झालेले जुने कालाहारी गेम्सबॉक राष्ट्रीय उद्यान, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. एवढ्या प्रदेशात नुसते फिरत राहून काही हाती लागेल असे समजू नये. पण इथली भूरचनाच पाहणाऱ्याला मदत करते. नद्यांना पाणी कित्येक वर्षांतून एखाद्या वेळीच येते, तरीही पात्रातली माती टेकड्यांवरच्या वाळूपेक्षा कसदार असल्यामुळे तिथले गवत अधिक सकस असते, आणि कॅमल थॉर्नची मोठी सावलीची झाडे, जी आपल्या बाभळीच्याच कुळातली आहेत, तीही पात्रात आणि पात्राच्या कडेनेच वाढतात. त्यात पाण्याची भर माणसांनी घातली. 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, शेजारच्या जर्मन वसाहतीवर (आजच्या नामिबियावर) चाल करून जाण्याची वेळ आली तर फौजेला पाणी मिळावे म्हणून तत्कालीन सरकारने आऊबच्या पात्रात विंधनविहिरी खोदून घेतल्या होत्या. पुढे पाणवठ्यांची साखळीच तयार झाली. गवत, सावली आणि पाणी अशा रीतीने एका अरुंद पट्ट्यात एकवटले आहे आणि आपला रस्ताही त्याच पट्ट्यातून जातो.

पहाटे छावणीचे फाटक उघडताच बाहेर पडावे. फाटकाच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी त्या पाहून ठेवाव्यात. पहिल्या तासात नजर झाडीपेक्षा रस्त्यावर अधिक असावी. रात्री सिंह मऊ वाळूपेक्षा रस्त्याने चालणे पसंत करतात. त्यांचे ठसे आदल्या दिवशीच्या टायरच्या खुणांवर उमटलेले असतील, तर ते रात्रीतून किंवा नुकतेच गेले आहेत. ठसे टायरखाली पुसलेले असतील, तर ते कालचेही असू शकतात. ताज्या ठशांच्या कडेने अगदी हळू जात राहावे, आणि ते जिथे रस्ता सोडतात तिथे इंजिन बंद करून जवळच्या प्रत्येक झाडाची सावली दुर्बिणीने तपासावी. काळ्या आयाळीचा कालाहारी सिंह पिवळ्या गवतात आडवा झाला, की तीस-चाळीस पावलांवरूनही दिसत नाही. त्याने कान हलवल्यावर दिसतो. घाई करणाऱ्या गाड्या अशा सिंहांच्या शेजारून निघून जाताना मी अनेकदा पाहिल्या आहेत.

ऊन चढू लागले की एखादा पाणवठा निवडून तिथे दोन-अडीच तास तरी थांबावे. चितळाच्या कॉलची उणीव इथे स्प्रिंगबॉक या हरणांचा कळप भरून काढतो. चरणाऱ्या कळपाने माना वर करून एकाच दिशेला रोखून पाहायला सुरुवात केली, तर आपणही तिकडेच पाहावे. आऊबचे पात्र अरुंद असल्यामुळे तिथे चित्त्याची शिकार संपूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाडीतून पाहायला मिळण्याची शक्यता असते. कडेच्या चुनखडकाच्या कपारींत आणि झाडांवर बिबट्याही असतो. नॉसॉबचे पात्र रुंद आहे, अंतरे मोठी आहेत, पण नॉसॉब छावणीला लागूनच पाणवठ्यावर एक आडोसा बांधलेला आहे, जिथे रात्री दिव्याच्या उजेडात तासन्‌तास बसता येते. तरस, कोल्हे आणि कधी सिंहही तिथे येतात.

म्हणून मुक्काम रोज बदलू नयेत. ट्वी रिव्हिरेन या प्रवेशद्वाराजवळच्या छावणीपासून आऊबवरची माटा-माटा छावणी सुमारे 120 किलोमीटर आणि नॉसॉब सुमारे 160 किलोमीटर आहे, आणि वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर. रोज मुक्काम हलवला तर सकाळची सगळी मोलाची वेळ सामान बांधण्यात आणि अंतर कापण्यात जाईल. माझ्या मते आऊबच्या बाजूला एक आणि नॉसॉबला एक असे दोनच मुक्काम पुरेसे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी सलग काही रात्री असाव्यात. कुंपण नसलेल्या छोट्या छावण्या अतिशय सुंदर आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेक ठिकाणी 12 वर्षांखालील मुलांना परवानगी नसते. माटा-माटाजवळची कालाहारी टेंटेड कॅम्प ही तंबूंची छावणी याला अपवाद आहे. आरक्षण 11 महिने आधी खुले होते आणि लवकर संपते.

आता महिना. दिवाळीच्या सुमारास गवत संपलेले असते, प्राणी पाणवठे सोडत नाहीत आणि थांबून पाहणाऱ्याला भरपूर मिळते. मात्र तापमान 40 अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि बंद गाडीत ते नऊ वर्षांच्या मुलीला सोसणार नाही. मे महिन्यात पाऊस नुकताच संपलेला असतो, कळप अजून पात्रांत असतात, दिवस सुखद आणि रात्री बऱ्याच थंड असतात. तुमच्यासाठी मी मे महिनाच सुचवेन. मुलीला एवढे मात्र आधीच सांगून ठेवावे की इथे हत्ती, गेंडे आणि रानम्हशी नाहीत.

उत्तर: पंखपिसारा (नागपूर)

जोबर्गकरांनी लिहिलेले सर्व पटले, पण पक्ष्यांचा उल्लेख राहून गेला, आणि माझ्या दृष्टीने पाणवठ्यावर थांबण्याचे निम्मे कारण पक्षीच आहेत. सकाळी ऊन थोडे वर आले की सँडग्राउजचे, म्हणजे आपल्या पखुर्डीच्या भाईबंदांचे, थवेच्या थवे पाण्यावर उतरतात. त्यांतले नर नुसते पाणी पिऊन जात नाहीत. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी कित्येक किलोमीटर दूरच्या पिलांपर्यंत वाहून नेतात. पिले ते पाणी त्या पिसांतून चोखून पितात. नर पाण्यात बसून पोट हलवताना दिसला तर मुलीला आवर्जून दाखवा. त्याच वेळी लॅनर ससाणे होल्यांच्या थव्यांवर झेप घेतात आणि कोल्हेही पाण्याच्या कडेला दबा धरून बसतात. कोणी थव्यात उडी घेऊन पक्षी पकडतो, कोणी रिकाम्या तोंडाने परततो. एकाच जागी बसून एवढे सगळे दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमल थॉर्नवर गवताच्या गंजीएवढी मोठी दिसणारी घरटी. ती सोशेबल वीव्हर या छोट्या पक्ष्यांची सामाईक वसाहत असते. एका घरट्यात शेकडो पक्षी राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात भर घालत जातात. वजनाने फांदी मोडल्याचेही दिसते. आतले कप्पे थंडीच्या रात्री बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहतात. त्यातलाच एखादा कप्पा पिग्मी फाल्कन हा चिमुकला शिकारी पक्षी स्वतःसाठी वापरतो, आणि अंडी-पिलांच्या शोधात केप कोब्रा नागही त्या घरट्यांत शिरतो. घरट्याभोवती एकाएकी कलकलाट सुरू झाला, तर पुढे निघून न जाता वर नीट पाहावे.

चांदी अस्वल, ज्याला तिथे हनी बॅजर म्हणतात, भर दिवसा वाळू उकरत चाललेले दिसले, तर त्याच्या मागोमाग चालणारा किंवा शेजारच्या झुडपावर बसलेला पेल चँटिंग गॉसहॉक हा शिकारी पक्षी शोधा. चांदी अस्वलाने उकरताना निसटलेले उंदीर आणि सरडे तो टिपतो. हा त्या दोघांचा नेहमीचा प्रकार आहे.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पात्रातून सावकाश चालणारा कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकचा अगदी जवळचा नातेवाईक, एकाच प्रजातिसमूहातला. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यांनी माळढोकची वाट पाहत दिवस घालवले आहेत, त्यांनी तिथे एका सकाळी कितीतरी कोरी बस्टर्ड निर्धास्त चरताना पाहिले की काय वाटते ते मी सांगू शकत नाही. सिंह-बिबट्यांची यादी बाजूला ठेवून त्या पक्ष्यासाठी गाडी थांबवा, एवढी माझी विनंती आहे.

माळरान (पुणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मे महिना आणि दोनच मुक्काम हे आता नक्की केले. साधी सेडान गाडी चालेल का, वाटेत गाडी बिघडली तर काय करावे, आणि नॉसॉबनंतर माटा-माटावरून नामिबियात जाता येते का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर: खडीची वाट (विंडहूक)

दोन्ही पात्रांतले मुख्य रस्ते आणि त्यांना जोडणारे टेकड्यांवरचे दोन रस्ते साध्या गाडीने करता येतात, परंतु जमिनीपासून उंच असलेली गाडी निश्चितच बरी. त्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे रस्त्यावर आडव्या लाटांसारखे खवले पडलेले असतात आणि त्यांवर तळ जमिनीलगत असलेली गाडी फार आदळते. दुसरे कारण बसण्याची उंची हे आहे. गवत वाढलेले असताना सेडानमधून बसलेला चित्ता दिसतच नाही. खास चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या (फोर-बाय-फोर) गाड्यांसाठी राखलेल्या वाटांवर मात्र साधी गाडी नेऊ नये. टायरमधली हवा खडीच्या आणि वाळूच्या रस्त्यावर थोडी कमी करावी लागते, ती किती करावी हे गाडी देणाऱ्याकडून लिहून घ्यावे. विमा घेताना टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यात धरलेले आहेत का, हे करारात स्वतः वाचून पाहावे, कारण खडीच्या रस्त्यावर नुकसान होते ते याच तिन्हींचे. वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे त्या बाबतीत तुम्हाला काही नवे शिकावे लागणार नाही.

इंधन ट्वी रिव्हिरेन, माटा-माटा आणि नॉसॉब या तीनच छावण्यांत मिळते. टाकी अर्धी भरलेली असली तरी प्रत्येक ठिकाणी ती पूर्ण भरून घ्यावी. ट्वी रिव्हिरेन सोडल्यावर मोबाइलवर विसंबून राहू नये. गाडी बंद पडली तर काहीही झाले तरी गाडीतच बसावे. छावणीतून निघताना तुमच्या गाडीचा परवाना करून दिला जातो आणि पोहोचल्यावर तो परत द्यायचा असतो. संध्याकाळपर्यंत तो परत आला नाही तर कोणती गाडी बाहेर राहिली हे कर्मचाऱ्यांना कळते. म्हणून पाणी, कोरडा खाऊ आणि एक जाड पांघरूण नेहमी गाडीतच असू द्यावे. मुलीला प्रसाधनगृहाची गरज पडेल तेव्हा फक्त ठरवून दिलेल्या सहलीच्या जागांवरच उतरता येते. या जागांना सहसा कुंपण नसते. म्हणून आधी गाडीतूनच चौफेर पाहावे, मोठ्या माणसाने आधी उतरावे आणि मुलीचा हात सोडू नये.

गाईडची उणीव अगदीच भासली तर मोठ्या छावण्यांतून उद्यानाच्या उघड्या गाडीतून, गाईडसह, पहाटेची आणि रात्रीची सफारी मिळते. रात्रीची एक तरी घ्यावी, कारण आपल्या गाडीला फाटक बंद झाल्यावर बाहेर राहता येत नाही आणि रानमांजर, बॅट-इअर्ड फॉक्स हा मोठ्या कानांचा खोकड, तपकिरी तरस हे खरे रात्रीचेच रहिवासी आहेत. मुलांच्या वयाची अट आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावी.

माटा-माटावरून नामिबियात जाता येते, परंतु एका देशातून शिरून दुसऱ्या देशात बाहेर पडायचे असेल तर उद्यानात किमान दोन रात्री मुक्काम करावा लागतो. तुमच्या बेतात तो होतोच आहे. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडण्याची पासपोर्टची नोंद ट्वी रिव्हिरेनलाच होते, ती राहून गेली तर माटा-माटाहून परत सव्वाशे किलोमीटर मागे यावे लागेल. नामिबियाचा व्हिसा आणि भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेण्यास परवानगी देणारे पत्र ही दोन्ही कागदपत्रे हातात असल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.