सरकारी दवाखाना बांधायचा कसा: बी-१, ईपीसी का पीपीपी?

साइटवाला
बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. मी एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर आहे, अकरा वर्षं झाली, त्यातली सहा सरकारी दवाखान्यांवर गेली. माझं म्हणणं एवढंच की दवाखान्याची इमारत बी-१ टेंडरवर बांधणं बंद करा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बी-१ म्हणजे डिझाइन पीडब्ल्यूडीचं, डीएसआरच्या (सरकारी दरसूचीच्या) दराने एस्टिमेट त्यांचंच, आपण फक्त टक्के भरायचे, इतके वर नाहीतर इतके खाली, आणि जो सगळ्यात खाली त्याला काम. (बी-२ मध्ये प्रत्येक आयटमचा दर भरतात, बाकी जात तीच.) शाळा, गोदाम, ग्रामपंचायत याला चालतं की.

दवाखान्यात काय होतं ते सांगतो. मागच्या साइटवर सिव्हिल टेंडर आमचं, इलेक्ट्रिकलचं टेंडर पीडब्ल्यूडीच्याच पण वेगळ्या विद्युत विभागाचं, ऑक्सिजनची पाइपलाइन आरोग्य खात्याच्या तिसऱ्याच खरेदीतून. आम्ही जुलैत प्लास्टर करून रंगाचे दोन हात मारले, सप्टेंबरात इलेक्ट्रिकवाले आले आणि भिंती फोडल्या, गॅसवाले पुढच्या मे महिन्यात उगवले तोवर आमचं फायनल बिल टाकून झालेलं. मग त्या भिंती कोणी भरायच्या? एक्स्ट्रा आयटमचा प्रस्ताव गेला सर्कल ऑफिसला, तो गेला तो गेलाच. त्यात एक्स-रे रूमला ड्रॉइंगमध्ये चार इंची पार्टिशन, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या हिशोबाने पाहिजे नऊ इंची वीटकाम आणि दाराला शिशाचा पत्रा. पाडली, परत बांधली. चूक कागदावर कोणाचीच नाही. ईपीसी करा, डिझाइनपासून चावी देईपर्यंत एकच पार्टी आणि ठोक रक्कम, भिंत फुटली तर तिच्या खिशातून.

निवृत्त डेप्युटी
साइटवाले, कंत्राटदाराचं मीठ खाताय म्हणून ईपीसी गोड लागतंय. ठोक रक्कम आणि डिझाइन दोन्ही एकाच्या हातात दिलं की तो पहिलं काय करणार, जिथं दिसत नाही तिथं कापणार. डक्टचा पत्रा, पाइपचा गेज, वॉटरप्रूफिंग, दारांच्या बिजागऱ्या. बी-१ मध्ये निदान एम.बी. (मापांची वही) असते, माणूस टेप लावून मोजतो, सळई १६ ची आहे का १२ ची ते काँक्रीट टाकायच्या आधी बघतो. ठोकमध्ये काय, स्लॅब पडला द्या इतके टक्के. बरं तुमची ती एक्स-रेची भिंत, तो काय बी-१ चा दोष आहे का? आर्किटेक्टने एक्स-रेवाल्याला विचारलं नाही हा दोष आहे. ईपीसीवाला विचारणार होता?

आणि सगळ्यात खालच्यालाच काम हे सुद्धा दगडावरची रेघ नाही. केंद्राच्या अर्थ खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये सूचना काढल्यात, दर्जा महत्त्वाचा आहे असं आधी ठरवलेल्या बांधकामात गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन देता येतं. ते वापरा म्हणा की. तेवढ्यासाठी पद्धत कशाला बदलता.

साइटवाला
टेप लावून मोजणारा माणूस कुठल्या साइटवर भेटतो ते सांगा साहेब, दर्शनाला जातो. एका जेईकडे (ज्युनिअर इंजिनिअरकडे) तीन तालुके. मापं आम्हीच लिहून देतो, ते सही करतात. चिडू नका हं.

निवृत्त डेप्युटी
माझ्या पीडब्ल्यूडीच्या सबडिव्हिजनला असलं चालायचं नाही. पुढचं माहीत नाही.

करदाता
दोघांचं भांडण गोड आहे पण दोन्हीकडे उद्घाटनाचा नारळ फुटला की सगळे मोकळे. मी म्हणतो पीपीपी करा, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी. जागा सरकारची, पैसा खासगी, बांधणाऱ्यानेच तीस वर्षं सांभाळायची आणि मग परत द्यायची. ज्याला स्वतःला तीस पावसाळे काढायचेत तो गळकी टेरेस करेल का? महामार्गांना हॅम (हायब्रिड अॅन्युइटी) चालतंच ना, बांधताना सरकार ४० टक्के देतं, बाकीचे हप्त्याने.

अंधेरी स्लो
मरोळला या, सेव्हन हिल्स हॉस्पिटल दाखवतो. महापालिकेची सतरा एकर जागा, दीड हजार खाटांचं स्वप्न, बदल्यात २० टक्के खाटा पालिकेच्या पेशंटना. २०१० ला उघडलं, मग त्या २० टक्क्यांवरून रडारड, थकबाकी, २०१८ ला प्रकरण दिवाळखोरीत. २०२० ला कोविड आला तेव्हा पालिकेनेच ते चालवलं, म्हणजे शेवटी निस्तरलं कोणी? दिल्लीत अपोलोला नाममात्र एक रुपया भाड्याने जमीन, अट एक तृतीयांश खाटा फुकट, आणि त्या मिळवायला २००९ ला हायकोर्टाला हुकूम काढावा लागला. रस्त्याला ताप येत नाही हो, टोल भरून पुढे जाता येतं.

करदाता
या दोन्हीत दवाखाना चालवणं पण खासगीकडे होतं. मी फक्त इमारत आणि देखभाल म्हणतोय, डॉक्टर-नर्स सरकारचेच. ब्रिटनमध्ये असंच आहे.

बर्मिंगहॅमकर
होतं म्हणा. पीएफआय (प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह) म्हणायचे, १९९२ पासून सुरू झालं. आमच्या इथे स्मेथिकला मिडलँड मेट्रोपॉलिटन हॉस्पिटल त्याच पद्धतीने चाललेलं, २०१८ ला उघडणार होतं. जानेवारी २०१८ ला कॅरिलियन ही बांधणारी कंपनी बुडाली आणि काम ठप्प. मी बसमधून जाता-येता तो अर्धवट सांगाडा बघायचो, आधी वाटायचं महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट असेल. उघडलं ऑक्टोबर २०२४ ला, ते पण सरकारी पैशाने. लिव्हरपूलचं रॉयल पण कॅरिलियनकडेच, २०१७ चं २०२२ झालं, मधे बीमना तडे सापडले, बाहेरचं क्लॅडिंग काढून परत लावलं. २०१८ च्याच बजेटमध्ये सरकारने सांगितलं, नवीन करार बंद.

खोटं कशाला बोलू, जी बांधून झाली त्यातल्या बऱ्याच इमारती नीट ठेवलेल्या असतात कारण करारातच तसं आहे. पण हप्ता महागाईबरोबर वाढत जातो आणि तो चुकवता येत नाही, बजेट कमी पडलं की हॉस्पिटल बाकी सगळीकडे हात आखडतं, इमारतीचे पैसे आधी.

करदाता
नीट ठेवलेल्या असतात. तुम्हीच म्हणालात, नोंद घ्या मंडळी.

नाइट ड्युटी
मी उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, कुठल्या ते विचारू नका. आमची इमारत बी-१ की आणखी काय मला माहीत नाही. लेबर रूमकडून ओटीकडे (ऑपरेशन थिएटरकडे) जाताना कॉरिडॉर आठ फुटी आहे, एकदम नियमात, पण वळणावर खांब आणि खांबाला लागून लोखंडी ग्रिल. ट्रॉली वळत नाही. सिझरचा पेशंट असला की आम्ही ट्रॉली थोडी मागे घेतो, एकजण सलाइन वर धरते, वॉर्डबॉय मामा आणि मी मिळून मागची बाजू उचलून फिरवतो. रोजचं झालंय, आता मोजत पण नाही. ऑटोक्लेव्हच्या (औजारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) खोलीत पाणी जायला वाटच नाही, पुसून काढायचं. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये १० बाळं गेली त्या आगीनंतर आमच्याकडे पण फायर ऑडिट झालं, लाल सिलिंडर आले, पण मागच्या जिन्यात मोडके पलंग आहेत कारण भंगार ठेवायला खोलीच काढलेली नाही. ड्रॉइंग असताना आमच्यातल्या एकीला पंधरा मिनिटं बोलावलं असतं ना.

निवृत्त डेप्युटी
ताई, ड्रॉइंगवर तुमच्या खात्याची सही असते. सहीशिवाय आम्ही कामच काढत नाही.

नाइट ड्युटी
सही अधीक्षक सरांची असते सर. ट्रॉली ते ओढत नाहीत. आणि सही केलेले सर इमारत उघडायच्या आधीच बदलून गेले.

साइटवाला
सिस्टर, हे वाचून जरा खाली मान झाली, असले खांब आम्ही पण उभे केलेत. आणि मान्य करतो, ईपीसीत हा खांब हलवा म्हटलं की कंत्राटदार स्कोप बदलला म्हणून वेगळं बिल लावणार, मीच लावलंय. मग असं करा, पद्धत कुठलीही असो, आधी एक ओटी, एक वॉर्ड, एक संडास आणि मधलं वळण एवढं पूर्ण बांधायचं. सिस्टर लोकांना खरी ट्रॉली घेऊन फिरवायचं. मगच बाकीचं काम. टेंडरमध्येच आयटम घाला त्याचा.

निवृत्त डेप्युटी
घालता येईल. डीएसआरमध्ये नाही, रेट अॅनालिसिस करून, म्हणजे दर वेगळा काढून, मंजुरी घ्यावी लागेल, पण येईल. मात्र सांधा, खांब हे फाउंडेशनला ठरतं, तेव्हा खांबाची ट्रायल जमिनीवर चुन्याने आखून घ्या, फुकटात होते. ईपीसीला माझा विरोध आहे तो आहेच.

करदाता
माझ्या टेरेसच्या मुद्द्याला कोणीच हात लावला नाही.

नाइट ड्युटी
मी लावते. आमच्या फीमेल वॉर्डात कोपऱ्यातल्या दोन खाटा जून ते सप्टेंबर भरत नाही, तिथे बादल्या असतात. विचारलं तर म्हणाले कंत्राटदाराचा दुरुस्तीचा काळ मार्चला संपला. गळायला लागलं जूनमध्ये.