कॉइलओव्हर स्विफ्ट: स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘ठक्’. प्रीलोड घरी किती ठेवू?

पंचगंगा_०९

राम राम मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, कोल्हापूर पासिंग. दिवाळीत एका ओळखीच्या पोराकडनं वापरलेले कॉइलओव्हर, म्हणजे रिंगांनी उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घेतले. तैवानी माल, चारी चाकांचे. इथल्याच एका गॅरेजात बसवून घेतले. गाडी दिसते लई भारी, वळणाला झुकत पण नाही. पण पुढनं एक आवाज लागलाय. स्पीडब्रेकरवर चढताना काही नाही, चाक उतरलं की ‘ठक्’. दोन्ही बाजूंनी. आमच्या कॉलनीच्या गेटसमोर ते काळे-पिवळे रबरी पट्टे ठोकलेत, तिथं तर हमखास.

गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंग अजून आवळू, आवाज जाईल. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक भाऊ म्हणतो, उलट सैल कर, गाडी मऊ होईल. मी शॉकअप कडक-मऊ करायची वरची नॉब पार सॉफ्टला नेली तर आवाज वाढलाच. आता ऐकू कुणाचं?

माझ्याकडं ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड आणि किटसोबत आलेले दोन हुक पाने आहेत. अंगणात फरशी पक्की आहे. पुढच्या शॉकअपवर तीन रिंगा आहेत. दोन स्प्रिंगखाली एकमेकींना चिकटून, एक पार खाली ब्रॅकेटपाशी. स्प्रिंगवर ६२-१८०-५ असं छापलंय. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच किती दाबून ठेवायची ते, किती ठेवायचा, आणि घरी जमण्यासारखं आहे का?

घाटवाट_सातारा

सरळ शून्य करून टाका. रिंग हाताने फिरवायची, स्प्रिंगला टेकली की थांबायचं, वरची-खालची लॉक करायची. माझ्या पोलोत असंच आहे, काही आवाज नाही. पाच मिनिटांचं काम आहे, उगाच डोकं लावू नका.

भोसरीचा_फिटर

पाच मिनिटांचं नाही, अर्धा दिवस धरा. आणि रिंगेला हात लावायच्या आधी टेप हातात घ्या. प्रीलोडबद्दल लोक ‘घट्ट-सैल’ बोलतात तिथेच गाडी बिघडते. ही गोष्ट मोजायची आहे.

आधी गैरसमज काढू. तुमच्या स्प्रिंगवरचं ६२ म्हणजे आतला व्यास, १८० म्हणजे मोकळी असतानाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५ म्हणजे पाच किलो वजनाला एक मिलिमीटर दबणार. रिंग कितीही आवळा, हा पाचाचा आकडा बदलत नाही. रद्दीवाल्याच्या ताणकाट्याची सुई आधीच पाच किलोवर आणून ठेवली तरी पुढच्या प्रत्येक किलोला ती तेवढीच सरकते, तसंच हे. तेव्हा आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही आणि सैल केल्याने मऊ होत नाही. बदलतं काय, तर गाडी उभी असताना शॉकअपचा रॉड किती आत आणि किती बाहेर असतो ते. चाकाला खाली लोंबायला किती जागा उरली आणि वर जायला किती, याची वाटणी प्रीलोड करतो.

आता तुमचा आवाज. चढताना नाही आणि उतरताना आहे, म्हणजे चाक खाली जातानाचा प्रकार आहे. त्याची दोन कारणं असू शकतात, आणि दोघांचे उपाय बरोबर उलटे आहेत. म्हणूनच तुम्हाला दोन उलटे सल्ले मिळाले.

एक, प्रीलोड कमी आहे. चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग जागेवर सैल होते, आणि वजन परत आलं की ठोकत बसते.

दोन, प्रीलोड जास्त आहे. गाडी उभी असतानाच रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर आहे. चाक जरा खाली गेलं की शॉकअप आतून वरच्या टोकाला आदळतो.

तुमच्याबाबतीत मला दुसऱ्याचाच संशय आहे, आणि तो तुमच्या नॉबमुळे. सॉफ्ट केल्यावर शॉकअप चाकाला खाली जाताना कमी अडवतो. चाक झपकन जातं आणि टोकाला जास्त जोरात लागतं. स्प्रिंग नुसती सैल असती तर नॉबने एवढा फरक पडला नसता. पण संशयावर पाना चालवायचा नाही. मोजून सांगा:

गाडी सपाटीवर उभी असताना पुढच्या चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर. जमिनीपासून नको, त्यात टायरची हवा येते. मग गाडी उचलून चाकं लोंबत असताना तेच अंतर. आणि लोंबत्या चाकावर स्प्रिंगची लांबी, वरच्या बैठकीपासून खालच्या रिंगेपर्यंत. त्याच वेळी स्प्रिंग हाताने फिरते का तेही बघा.

उचलताना पुढची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं तर अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी दांडी, त्या चाकाला वर ओढून धरतो, चाक पूर्ण लोंबत नाही आणि माप खोटं येतं. हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीच्या चाकाच्या खाचेत मुंडकं घालायचं नाही. आमच्या टूलरूममध्ये यावर चर्चा होत नसे, सरळ घरी पाठवत.

पंचगंगा_०९

मोजलं काका. उभी असताना डावीकडं ३४५, उजवीकडं ३४४. लोंबत असताना दोन्हीकडं ३७०. स्प्रिंगची लांबी १५८ डावी, १५८ उजवी. हातानं काय, दोन्ही हातांनी पण हलत नाही.

भोसरीचा_फिटर

झालं, तुमच्या मापांनीच उत्तर दिलं.

१८० ची स्प्रिंग १५८ ला बसलीय, म्हणजे २२ मिलिमीटर प्रीलोड. पाच किलोने गुणलं की ११० किलो. अर्थ असा की चाक हवेत असतानाच स्प्रिंग ११० किलो दाबलेली आहे. तुमच्या स्विफ्टच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन सोडून, ढोबळ २४० किलो येत असावेत. २४० ला स्प्रिंग एकूण ४८ मिलिमीटर दबणार. त्यातले २२ आधीच दाबून ठेवलेत, उरले २६. तुम्ही मोजलेला फरक २५-२६ च आहे. टेप आणि गणित जुळलं की मला बरं वाटतं.

लोंबायला सव्वीस मिलिमीटर म्हणजे बोटाच्या दीड पेरापेक्षा जास्त नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावर चाक हळूहळू चढतं-उतरतं. तुमच्या गेटवरचे रबरी पट्टे आखूड, त्यावरून चाक पायरीवरून पडावं तसं पडतं. सव्वीस मिलिमीटर तिथे संपणारच. बसवणाऱ्याने गाडीची उंची मिळवायला वरची रिंग फिरवत नेली असणार. तीन रिंगांच्या शॉकअपमध्ये ते करायचं नसतं. वरच्या दोन प्रीलोडसाठी, उंचीसाठी खालची.

मी ५ मिलिमीटर ठेवेन, म्हणजे स्प्रिंग १७५ ला. लोंबायला ४३ मिळतील. साताऱ्याच्या भावांचं शून्यही चुकीचं नाही, पण पाच किलोची आखूड स्प्रिंग आपल्या खड्ड्यांत पूर्ण लोंबली तरी बैठक सोडू नये म्हणून मी थोडा दाब राहू देतो. किटच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर माझ्यापेक्षा तो मोठा.

आता काम. चाकं काढा. आटे पितळी ब्रशने कोरडे साफ करा, मग पाण्याने धुऊन पुसा, मग वंगणाचा हलका स्प्रे मारा. हे टाळू नका. रिंगा ॲल्युमिनियमच्या असतात. पावसाळ्यातली माती आट्यांत वाळून बसलेली असते, तिच्यावरून रिंग रेटली की आटे खरवडून एकत्र चिकटतात. मग ना वर ना खाली. रिंग अडली तर पान्याला पाइप लावू नका, परत मागे घ्या, पुन्हा ब्रश. रिंगेत बाजूने छोटा ॲलन स्क्रू आहे का तेही बघा, असेल तर आधी तो ढिला करा.

आत्ताच्या जागेवर मार्करने उभी रेघ मारा, शॉकअपच्या बॉडीवर आणि रिंगेवर. स्प्रिंगखालच्या चिकटलेल्या दोन रिंगांपैकी खालचीला एक पाना, वरचीला दुसरा, एकमेकांविरुद्ध झटका देऊन लॉक सोडवा. मग त्यातली खालची आधी खाली, तिच्यामागून वरची खाली घ्या. एका फेऱ्याला किती सरकते ते पहिल्याच फेऱ्यात मोजा. आटा २ मिलिमीटरचा असेल तर १७ मिलिमीटरला साडेआठ फेरे. फेरे मोजा, पण शेवटचा शब्द टेपचा: १७५.

एवढंच केलं तर गाडी १७ मिलिमीटर खाली बसेल. तेवढी ती खालून परत द्यायची. ब्रॅकेटपाशीची रिंग सोडवायची आणि शॉकअपची अख्खी बॉडी स्प्रिंगसकट फिरवून ब्रॅकेटमधून १७ मिलिमीटर बाहेर काढायची. लोंबत्या चाकावर हाताने फिरते. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते प्रत्येक दोन फेऱ्यांनी बघा. बॉडी ब्रॅकेटमध्ये कमीत कमी किती आत असली पाहिजे ते पुस्तिकेत असतं, त्या रेघेच्या बाहेर जायचं नाही. अख्खा कोपरा त्या आट्यांवर उभा असतो.

उजवी-डावी सारखीच करा. ३४५ आणि ३४४ मधला एक मिलिमीटर पकडत बसू नका.

घाटवाट_सातारा

मानलं फिटरसाहेब. पण मागच्या चाकांचं काय? त्यांनाही पाच?

भोसरीचा_फिटर

नाही. स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. तिथे स्प्रिंगखालची रिंग फक्त उंची ठरवते आणि शॉकअपची लांबी स्वतंत्र लावायची असते. बघायचं एवढंच की मागची चाकं लोंबवल्यावर स्प्रिंग बैठकीतून निसटत नाही. निसटत असेल तर शॉकअप थोडा आखूड करा, चाक तेवढं खाली जाणारच नाही.

अलाइनमेंट_बे

दोन शब्द आमच्या धंद्यातले. जॅकवरून खाली घेतलेली गाडी लगेच मोजू नका. टायर आडवे सरकायला अडतात आणि गाडी उंच दिसते. दहा-वीस फूट पुढे-मागे ढकला, बॉनेट दाबा, मग माप घ्या. उंची दोन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त हलली असेल तर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो आणि टायरची आतली कड खाल्ली जाते, बाहेरून दिसत पण नाही. अलाइनमेंटला येताना टाकी अर्धी ठेवा, डिकीतलं सामान काढा. रात्री हेडलाइट भिंतीवर टाकून उजेड वर-खाली झालाय का बघा.

आणि कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधन आहे, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. विम्याचा दावा करायची वेळ आली तर हा मुद्दा निघू शकतो. मूळ शॉकअप-स्प्रिंग भंगारात घालू नका.

पंचगंगा_०९

काका, झालं! डावीकडची रिंग अडली होती, आत वाळकी माती नुसती भरलेली. तुम्ही म्हणालात तसं मागं-पुढं करत आणली. आता स्प्रिंग १७५, उभी असताना दोन्हीकडं ३४५, लोंबताना ३८७. अलाइनमेंट पण करून घेतली. गेटवरच्या पट्ट्यांवर ‘ठक्’ बंद. नॉब मधोमध ठेवलीय.

पण एक नवीन. काल घरचे चौघं जोतिबाला गेलो. उतरताना एका खड्ड्यात पुढनं ‘धप्’ झालं. हा वेगळा आवाज आहे, दबका. गॅरेजवाला म्हणतो आतला रबर कापून टाकू, जागा होईल.

भोसरीचा_फिटर

कापू देऊ नका. तो ‘धप्’ म्हणजे त्याच रबराचा, त्याला बंप स्टॉप म्हणतात, आणि तो लागला म्हणून रॉड वाचला. खाली १७ मिलिमीटर जास्त दिले ते वरूनच आले ना. एकटे असताना कळलं नाही. चौघं बसले, उतारावर ब्रेक दाबला, वजन पुढे आलं, आणि वरची जागा संपली.

आधी किती वेळा लागतो ते बघा. शॉकअपचा बूट, म्हणजे रॉडवरचं धुळीचं आवरण, वर सरकवून रॉडला प्लास्टिकची केबल टाय बांधा, घट्ट पण हाताने सरकेल एवढी, आणि ती बॉडीला टेकवून ठेवा. आठवडाभर रोजच्या रस्त्यावर चालवा. टाय वर जिथे जाऊन थांबली असेल तिथपर्यंत शॉकअप दबलाय. रबरापर्यंत एखाद्याच वेळी पोचत असेल तर काहीच करू नका.

रोजच पोचत असेल तर प्रीलोड ५ चा १० करा, म्हणजे स्प्रिंग १७० ला, आणि उंची तीच राहावी म्हणून खालून बॉडी ५ मिलिमीटर आत घ्या. लोंबायला ३८ उरतील, पट्ट्यांना पुरतील. त्यावरही ‘धप्’ येत राहिला तर प्रीलोडने तो सुटणार नाही. मग ६ किलोची स्प्रिंग बघावी लागेल. खालच्या रिंगेने गाडी थोडी उचलता येते, ब्रॅकेटमधले आटे पुरत असतील तर, पण त्याने बंप स्टॉपपर्यंतची जागा वाढत नाही, ‘धप्’ तसाच राहतो, फक्त पोट घासायचं वाचतं. स्प्रिंग घ्यायची झाली तर आतला व्यास ६२ आणि लांबी १८० तीच ठेवा, आणि घ्यायच्या आधी इथे टायचं माप टाका.