मदत हवी आहे: जानेवारीअखेरपर्यंत लातुरात मुक्काम, सुट्टी गुरुवारी, गाडी नाही

डोंबिवलीकर_लातुरात

नमस्कार मंडळी,

कंपनीने लातूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनरी बसवायच्या कामावर पाठवलंय. मुक्काम जानेवारी संपेपर्यंत. साइटला सुट्टी गुरुवारी. बाईक मिळू शकते, पण ती ज्याची आहे त्याच्या मूडवर, तेव्हा एसटी धरूनच सांगा.

जेवणाचे हाल चाललेत. लॉजच्या खाली हॉटेल आहे, मेन्यूकार्डावर पनीरची अख्खी वंशावळ आहे आणि सगळ्यांची ग्रेव्ही एकच, गोडसर आणि नारिंगी. ज्वारीच्या मुलखात येऊन रोज रात्री तंदुरी रोटी चावत बसलोय. इथलं असं खायला कुठे मिळतं? सामिष चालतं, तिखट चालतं.

फिरण्याचं म्हणाल तर नेटवरच्या याद्या बघून झाल्या. लातूरच्या यादीत वेरूळ-अजिंठा घुसडलेलं असतं. ते इथून एका दिवसात होत नाही एवढं मलाही कळतं. सकाळी निघून रात्री परत येता येईल असं सांगा. किल्ले, लेणी, जुनी देवळं यात रस आहे.

तिसरा प्रश्न जरा नाजूक. साइटवर हल्ली जो भेटतो तो म्हणतो, "सर, येळवशीला शेतात या." (येळवशी म्हणजे वेळ अमावस्या, शेतातल्या पूजेचा इथला सण.) फोरमन म्हणाला, वेल्डर म्हणाला, गेटवरचे वॉचमन मामाही म्हणाले. आमच्याकडे "या एकदा घरी" म्हणजे "चला, निघतो" असं असतं. इथलं आमंत्रण खरं धरायचं का? धरलं तर कुणाकडे जायचं, बाकीच्यांना काय सांगायचं आणि हातात काय न्यायचं?

गोलाईतला

लातुरात स्वागत. आधी पोटाचं बघू.

लॉजखालचं हॉटेल आजच सोडा. हे शिकवण्यांचं गाव आहे. बाहेरगावची पोरं इथे येऊन राहतात आणि त्यांच्या जिवावर ट्यूशन एरियात गल्लोगल्ली मेस चालतात. त्यातली एखाद्या बाईंनी घरातून चालवलेली शोधा आणि महिन्याचं ठरवून टाका. गुरुवारचा खाडा धरणार का, ते आधीच बोलून घ्या. पोरांना चपाती लागते म्हणून बऱ्याच ठिकाणी भाकरी करत नाहीत, पण "मावशी, मला भाकरी द्या" म्हटलं की बहुतेक जणी खूश होतात. भाकरी, पातळ पिठलं आणि भुरका सुरू झाला की पनीर आपोआप विसराल.

सकाळी पोह्यांच्या गाड्यावर उभे राहाल तिथे सुशीला आहे का विचारा. चुरमुरे भिजवून पिळून घेतात, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकतात, वरून डाळव्याचं पीठ आणि शेंगदाण्याचा कूट. गरम असतानाच खायचा. गार झाला की त्याचा लगदा होतो आणि मग तुम्ही इथे येऊन मला शिव्या घालाल.

संध्याकाळी गंजगोलाई. १९१७ साली वसवलेली गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवतीने १६ रस्ते फुटतात. आत शिरलात त्याच रस्त्याने बाहेर पडाल याची खात्री नाही, तेव्हा ओळखीचं एखादं दुकान हेरून ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि येसर इथूनच घ्या. खोलीवर इंडक्शन असेल तर येसर म्हणजे अर्धा स्वयंपाक झालाच समजा. भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याची पूड असते, लसणाच्या फोडणीत पाणी घालून उकळली की आमटी तयार.

मटणासाठी खानावळ म्हणून जी पाटी असेल तिथेच जा. "फॅमिली रेस्टॉरंट" लिहिलेलं टाळा. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात आलात, ज्वारीची भाकरी रश्श्यात कुस्करूनच खायची, काट्या-चमच्याने नाही.

किल्लेवेडा

एका गुरुवारात एकच दिशा धरा, नाहीतर दिवस स्टँडवरच जातो.

पहिला गुरुवार औसा आणि खरोसा. औसा साधारण २० किलोमीटर, गाड्या भरपूर. भुईकोट आहे आणि सखल जागी बांधलाय, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. खंदक आणि दुहेरी तटबंदी नीट फिरून बघा. तिथून निलंग्याकडे जाताना खरोसा. लेणी साधारण सहाव्या शतकातली, जांभ्या दगडात खोदलेली. जांभा ठिसूळ, त्यामुळे नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय वगैरे मूर्ती बऱ्याच झिजल्यात. वेरूळ डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पण सुट्टीच्या दिवशी अख्खी लेणी एकट्याला मिळणं हे वेरूळला कधी जमायचं नाही. परतीची शेवटची गाडी कितीची, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

दुसरा उदगीर, सुमारे ६५ किलोमीटर. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते इथेच, आणि त्यानंतर पानपतची मोहीम त्यांच्याकडे आली. किल्ल्यात उदयगिरी महाराजांची समाधी आहे. औशापेक्षा हा जास्त शाबूत आहे असं माझं मत.

तिसरा तुळजापूर आणि नळदुर्ग. गुरुवार तुमच्या पथ्यावर पडतोय. देवीला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमेला रेटारेटी असते. सकाळी लवकर दर्शन उरकून नळदुर्ग गाठा, नर-मादी धबधबा बघा, जन्मभर विसरणार नाही.

तेरणा_तीर

@किल्लेवेडा, डिसेंबर-जानेवारीत कुठला हो धबधबा? बोरी नदीला पावसाळ्यात भरपूर पाणी आलं, बंधारा भरून सांडव्यावरून वाहू लागला की नर-मादी पडतात. आता ते नुसत्या भिंतीकडे बघत बसतील.

तरी नळदुर्ग चुकवू नका. पाणी पडत नसताना बंधारा मोकळेपणाने बघता येतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर हा बंधारा घातला आणि त्याच्या पोटातच महाल काढला. पाणीमहाल म्हणतात तो. आत उभं राहायचं आणि बाहेरून नदी डोक्यावरून जात असेल तेव्हा खिडकीतून काय दिसत असेल, याचा विचार करायचा. मग नवबुरूज आणि उपळी बुरूज. ऊन डिसेंबरातही लागतं, पाणी सोबत ठेवा.

आणखी एक, तेर. जुनं तगर, रोमन व्यापाराशी जोडलेलं गाव. गोरोबाकाकांची समाधी आहे, विटांनी बांधलेलं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. त्याची मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल आहे, ती मुद्दाम वळसा घालून बघा. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयही गावातच. धाराशिवहून गाडी मिळते. देवळं-लेण्यांचा शौक असेल तर माझ्या मते हे तुळजापूरच्याही आधी करा.

गोलाईतला

तुळजापूरच्या वाटेवर उजनी लागते, आपल्या औसा तालुक्यातली, धरणाची नव्हे. तिथली बासुंदी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसटी तेवढा वेळ थांबत नाही, म्हणून सरळ उतरा, खा आणि मागून येणारी गाडी धरा.

डोंबिवलीकर_लातुरात

सगळ्यांचे आभार. मेस लागली. मावशी भाकरी देतात आणि मी ती कुस्करत नाही म्हणून रोज टोकतात. तेर पहिल्या नंबरावर घेतोय. कुणीतरी किल्लारी सुचवलं होतं, तिथे काय आहे? आणि येळवशीचं कुणीच बोललं नाही!

तेरणा_तीर

किल्लारीला स्पॉट म्हणून जाऊ नका एवढीच विनंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथली माणसं झोपेत गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीची माळवदं, ती सगळी अंगावर आली. नवी गावं दुसरीकडे वसवली. ज्यांनी ती पहाट पाहिली अशी माणसं तुमच्या साइटवरही असतील. त्यांच्यापैकी कुणी आपणहून घेऊन गेलं तर जरूर जा.

मांजराकाठ

येळवशीचं म्या सांगतो.

सर, आवतन खरं हाय. हिकडं येळवशीला माणूस शेतात बोलवायचा म्हंजी बोलवायचाच. ज्याला शेत न्हाई त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं, हीच रीत. न जाऊन करणार काय? त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी, दुकानं बंद, हाटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई. तुमची मेसवाली मावशी बी शेतातच असंल. लॉजवर बसलाव तर बिस्किटावर दिवस काढावा लागंल.

कुणाकडं जायचं? पयलं ज्यानं बोलवलं त्याच्याकडं जेवा. बाकीच्यांला सांगा, अंबिल प्यायला येतो. आन खरंच जावा. एका दिवसात दोन-तीन कोपी, म्हंजी शेतातल्या खोपी, फिरल्या तर कुणी नाव ठेवत न्हाई, उलट न आल्याचा राग येतो. फकस्त पयल्या कोपीतच पोट भरू नका, म्होरं कुणी सोडत न्हाई.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप करत्यात, आत पांडव मांडत्यात, म्हंजी चुन्यानं रंगवलेले पाच दगड. पूजा झाली की "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेतात अंबिल शिंपडत्यात. तुमाला बी म्हणायला लावतील, लाजू नका.

माहेर_निलंगा

मांजराकाठ दादांनी सगळं सांगितलं, मी फक्त ताटाचं सांगते. लग्नानंतर पुण्यात आहे, पण येळवशीला माहेरी नाही गेले तर ते वर्ष मला खारट लागतं.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही चहाची वाट बघाल. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले सोले, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, चुका, पात, गाजर, बोरं, शेतात आणि बाजारात त्या आठवड्यात जे हिरवं असेल ते सगळं मोठ्या पातेल्यात. हिरवी मिरची, लसूण, चिंच, आणि बेसन लावून घट्ट करायचं. लाल तिखट आमच्याकडे अजिबात घालत नाहीत. सोबत ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, धपाटे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातलं अंबिल. उंडा हाताने फोडून भज्जीत बुडवायचा. बोरं बियांसकट असतात, दात सांभाळा.

हातात काय न्यायचं? मिठाईचा बॉक्स नेऊ नका, तो घरी पोरांच्या हातात जाईल आणि शेतात कुणी बघणारही नाही. केळी न्या, लहान मुलं असतील तर थोडा खाऊ. त्याहून मोठी भेट म्हणजे लवकर जाणं. अकरापर्यंत पोचलात तर कोपीची पूजा मिळेल, जेवायच्या वेळी टपकलात तर पाहुणे ठराल. पांढरी पँट घालू नका.

डोंबिवलीकर_लातुरात

अपडेट देतो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

वॉचमन मामांकडे गेलो. पहिलं आमंत्रण त्यांचंच होतं. शेत औशाच्या पुढे, स्टँडवरून त्यांच्या पुतण्याने बाईकवर नेलं. दुकानं खरंच बंद होती, चहासुद्धा मिळाला नाही. पूजेनंतर मामांच्या आईंनी ताट वाढलं. भज्जी गडद हिरवी आणि इतकी दाट की पळी उभी राहील. वर काही पेरलेलं नाही, तेलाचा तवंग नाही. पहिल्या घासाला वाटलं मीठ कमी आहे. दुसऱ्याला चिंच लागली, मग कुठेतरी एक ओला हरभरा कचकन फुटला आणि त्यानंतर मी बोलायचा थांबलो. आजी शेजारीच बसून होत्या. ताटात मोकळी जागा दिसली की उंडा. नको म्हटलं की "का, ग्वाड लागंना का?" याला उत्तर कुणाकडे आहे?

तिथून वेल्डरच्या शेतात अंबिल, मग फोरमनकडे परत अंबिल आणि खीर. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती पळवतात तेही बघितलं. "ओलगे" जोरात म्हटलं, बायकोला व्हिडिओ गेला आहे.

आता शेवटचे दोन प्रश्न. हुरडा कधी आणि कुठे? आणि घरी नेण्यासारखं काय?

मांजराकाठ

हुरडा जानेवारीत. हाटेलातला तिकिटाचा हुरडा खाऊ नका, मामालाच इचारा, ज्वारीत दाणं भरलं का. दाणा हिरवा, दुधाळ पायजे. गवऱ्यांची आगटी, त्यात कणसं, हातावर चोळून गरमच खायचा, संगं शेंगदाण्याची चटणी आन गूळ. वरून लगीच पाणी पिऊ नका, ताक प्या. सकाळी गेलाव तर दुपारचं जेवण लागत न्हाई.

माहेर_निलंगा

नेण्यासाठी बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, दोन्ही आमच्या निलंगा तालुक्यातली, दोघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मात्र नवी तूर आता कुठे काढणीला येतेय आणि नवी चिंच तुम्ही गेल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. आता मिळेल ती गेल्या वर्षीची. चिंच जुनी चालते, थोडी काळी पडते इतकंच. डाळीसाठी मामांना पैसे देऊन ठेवा, नवी झाली की पार्सल करतील. त्यांनी पैसे घेतले नाहीत तर आजींच्या हातात द्या.

गोलाईतला

कास्ती कोथिंबीरही न्या, तिलाही मानांकन आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीच्या मुंबई गाडीने नेली तर सकाळी डोंबिवलीत ताजी राहते. बायकोला व्हिडिओपेक्षा ती जास्त आवडेल.